चित्राचं तोंड कुणाकडे?



 आजचा विषय व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर वाचून काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. बचावकार्याला जाणारी लष्करी हेलिकॉप्टरं, आणि त्यांच्या अंगावर जवानांनी कुणालाही न विचारता काढलेली चित्रं, त्यांना दिलेली टोपणनावं, त्यांचे बिनसरकारी शुभंकर. हा काय स्मृतिव्याख्यानाचा विषय झाला? दरवर्षी पूर येतो, दरड कोसळते, माणसं जातात. आणि आपण बोलायचं ते रंगाच्या डब्याबद्दल? प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पटलं नाही तर निदान कशाशी भांडायचं ते तुम्हाला ठाऊक असेल. संकटात मदतीला येणाऱ्या यंत्रावर जी खूण असते, ती कुणाकडे तोंड करून आहे यावरून त्या मदतीची जात ओळखता येते. काही खुणा शत्रूकडे पाहतात, काही कॅमेऱ्याकडे. बचाव पथकातल्या माणसांनी आपणहून काढलेली खूण मात्र बहुतेक वेळा दोराला लटकलेल्या माणसाकडे पाहते. म्हणून ती जपण्यासारखी आहे, आणि म्हणूनच तिला काही मर्यादाही हव्यात. एवढंच मला आज मांडायचं आहे.

आधी कशाबद्दल बोलतो आहोत ते नीट ठरवू. कोणत्याही लष्करी हेलिकॉप्टरच्या अंगावर तीन प्रकारच्या खुणा असू शकतात. पहिल्या नियमाच्या: यंत्राचा क्रमांक, तिरंगी वर्तुळ, दलाचं नाव, ‘इथे पाय ठेवू नये’ असल्या सूचना. दुसऱ्या मान्यतेच्या: स्क्वाड्रनचं मानचिन्ह, ब्रीदवाक्य. ही वरून मंजूर होऊन येतात. तिसऱ्या खुणा कुणी सांगितलेल्या नसतात, कुणी मंजूर केलेल्या नसतात, आणि बऱ्याचदा कुणी मनाईही केलेली नसते. नाकाडावर काढलेला प्राणी, दारावरचं एखादं व्यंगचित्र, हेल्मेटवरचा स्टिकर, बाहीवरचा कापडी पॅच. आपलं बोलणं या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण व्हिएतनामच्या युद्धातलं. १९६०च्या दशकात अमेरिकी हवाई दलाची एचएच-३ई जातीची थोराड, हिरवी हेलिकॉप्टरं पडलेल्या विमानांच्या वैमानिकांना जंगलातून उचलून आणत. जवानांनी त्यांना नाव ठेवलं ‘जॉली ग्रीन जायंट’. हे नाव आलं कुठून? डबाबंद भाज्या विकणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीतल्या हिरव्या राक्षसावरून! पुढे त्या राक्षसाची हिरवी पावलं बचाव तुकड्यांची खूण बनली. ती हेलिकॉप्टरांवर उमटली, भिंतींवर उमटली, आणि माणसांनी ती अंगावर गोंदवूनही घेतली. युद्ध संपलं, हेलिकॉप्टरं बदलली, पावलं राहिली. मटाराच्या जाहिरातीला एवढं आयुष्य कुणी दिलं? कुठल्या आदेशानं दिलं? कुठल्याच नाही.

आता पहिला मुद्दा. ही खूण काढतं कोण, आणि का? लष्करातलं यंत्र कुणाचंच नसतं. ते राष्ट्राचं असतं, म्हणजे कागदावर सगळ्यांचं, आणि वापरणाऱ्या माणसाचं कधीच नाही. आज एक वैमानिक त्यात बसतो, उद्या दुसरा. पण हेलिकॉप्टर हे अत्यंत खाष्ट यंत्र आहे. हवेत टिकण्यासाठी त्याचे शेकडो भाग एकाच वेळी नीट चालावे लागतात, आणि एका तासाच्या उड्डाणामागे जमिनीवर कित्येक तास काम करावं लागतं. ते काम करणारा तंत्रज्ञ बातमीत येत नाही. पदक उडणाऱ्याला मिळतं, आणि ते मिळावंही. पण ज्यानं रात्री गिअरबॉक्सचं तेल तपासलं त्याची सही फक्त देखभालीच्या वहीत राहते. तिथे मग रंगाचा डबा उघडला जातो. माण-हिंजवडीच्या कचेऱ्यांतून आलेल्या तुम्हा मंडळींना हे वेगळं समजवायला नको. कंपनीचा लॅपटॉप कंपनीचा असतो, राजीनामा दिला की परत जातो. तरी त्याच्या पाठीवर आपल्या आवडीचा स्टिकर चिकटवल्याशिवाय अनेकांना तो आपला वाटत नाही. मालकी नसलेल्या वस्तूची जबाबदारी अंगावर घ्यायची असेल तर माणूस तिच्यावर आधी काहीतरी खूण करतो. ती खूण म्हणजे जबाबदारी घेतल्याची सही.

ही सही किती मोलाची असते ते पाहायचं असेल तर केरळच्या २०१८च्या पुराकडे पाहा. त्या ऑगस्टमध्ये चालकुडीला एका घराच्या छतावर माणसं अडकली होती. नौदलाचं सी किंग ४२सी हेलिकॉप्टर घेऊन लेफ्टनंट कमांडर अभिजित गरुड तिथं पोहोचले. (आडनाव गरुड, हा निव्वळ योगायोग, पण नियतीलाही कधीकधी शुभंकर सुचत असावेत.) काही जणांना दोरानं वर घेतल्यावर लक्षात आलं की असं एकेक माणूस उचलत बसलो तर वेळ पुरणार नाही. मग त्यांनी हेलिकॉप्टर त्या छतावरच टेकवलं. टेकवलं म्हणजे चाकं स्लॅबला लागली, पण यंत्राचा भार स्लॅबवर जाऊ दिला नाही. पंख्यांनी तो हवेतच तोलून धरला. सुमारे ८ मिनिटं. एकूण २६ माणसं बाहेर आली. या जातीची हेलिकॉप्टरं नौदलानं १९८०च्या दशकात घेतली, म्हणजे इथे बसलेल्या निम्म्या लोकांपेक्षा ती वयानं मोठी. तीस वर्षं जुनं यंत्र ८ मिनिटं छतावर तोलून धरण्याची हिंमत वैमानिक कशाच्या भरवशावर करतो? स्वतःच्या हातावर, हे खरंच. पण तितकाच त्या लोकांच्या हातावर, ज्यांची नावं त्या आठवड्यात कुठल्याही वर्तमानपत्रात आली नाहीत.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं पाश्चात्त्यांचं. आपल्याकडे हेलिकॉप्टरवर अशी चित्रं कुठे दिसतात? कमी दिसतात, हे खरं आहे. आपल्या दलांमध्ये यंत्राच्या कातडीवरची शिस्त कडक आहे. पण माणसाची खूण करण्याची गरज आदेशानं संपत नाही, ती जागा बदलते. आपल्याकडे ती दोन ठिकाणी गेली. एक, कापडावर. फेब्रुवारी २०१९मध्ये पाकिस्तानशी झालेल्या हवाई चकमकीनंतर काही महिन्यांतच मिग-२१ उडवणाऱ्या स्क्वाड्रनच्या बाहीवर ‘फाल्कन स्लेयर्स’ असा पॅच आला, आणि सुखोईवाल्यांच्या पॅचवर शत्रूचं क्षेपणास्त्र चुकवल्याची फुशारकी आली. दोन, पूजेत. खंडेनवमीला शस्त्रांना आणि अवजारांना हळदकुंकू वाहण्याची आपली रीत माणसाळवण्याचीच आहे. ती नांगराला लागू आहे, लेथ मशीनला लागू आहे, आणि लढाऊ विमानालाही. ८ ऑक्टोबर २०१९ रोजी, ऐन दसऱ्याला, फ्रान्समध्ये मेरिन्याक इथं पहिलं राफेल ताब्यात घेताना संरक्षणमंत्र्यांनी त्यावर ॐ काढला, नारळ ठेवला, चाकांखाली लिंबं ठेवली. देशभर हसू झालं आणि देशभर अभिमानही वाटला. कोण बरोबर, हा वाद बाजूला ठेवू. मला इतकंच दाखवायचं आहे की कोट्यवधींचं यंत्र हातात आल्यावर त्यावर बोटानं काहीतरी काढावंसं वाटणं हे आपल्याला परकं नाही.

आता दुसरा मुद्दा, आणि हा माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. चित्राचं तोंड कुणाकडे असतं? लढाऊ विमानाच्या नाकावर शार्कचे दात रंगवतात ते शत्रूला आणि स्वतःला सांगण्यासाठी. मघाच्या ‘फाल्कन स्लेयर्स’ पॅचचा वाचक कोण? सीमेपलीकडचा वैमानिक. यात गैर काही नाही, लढणाऱ्याचं ते कामच आहे. पूर-दरडीत बचावाला जाणाऱ्या हेलिकॉप्टरला मात्र शत्रू नसतो. वारा, पाणी, कडा, तारा, अंधार. यांना चित्र कळत नाही. मग त्या चित्राचा वाचक कोण उरतो? एक, सोबतचे जवान. दुसरा, खाली हात हलवणारा माणूस. लढाऊ विमान शक्यतो दिसू नये म्हणून राखाडी असतं. बचावाचं यंत्र दिसावं म्हणून ब्रिटिश हवाई दलानं अनेक दशकं आपली हेलिकॉप्टरं पिवळी धमक ठेवली. एकाला लपायचं असतं, दुसऱ्याला सापडायचं असतं. दोघांच्या अंगावरच्या चित्रांना एकच नियम कसा लागू होईल?

हेलिकॉप्टर आणि एकटा अडकलेला माणूस यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे, आणि त्याची सुरुवात भारताच्या भूमीवरून झाली हे फारसं कुणी सांगत नाही. एप्रिल १९४४. आसामात सिलचरजवळ लालाघाट नावाची धावपट्टी होती. तिथून कार्टर हार्मन हा अमेरिकी लेफ्टनंट सिकॉर्स्की कंपनीचं अगदी सुरुवातीच्या काळातलं हेलिकॉप्टर घेऊन ब्रह्मदेशाकडे निघाला. जपानी फळीच्या मागे एक वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक अडकले होते. त्या दमट, उष्ण हवेत यंत्राची ताकद एवढीच, की एका वेळी वैमानिकाखेरीज एकच माणूस उचलावा. माणसं चार. म्हणजे खेपा चार. युद्धात हेलिकॉप्टरनं केलेली ही जगातली पहिली सुटका मानली जाते. आज यंत्रं मोठी झाली, तरी दोराच्या टोकाला माणूस एकेकटाच वर येतो. म्हणून या यंत्रावरच्या चित्राची कसोटीही त्या एका माणसाच्या नजरेतूनच लावावी लागते.

आपल्या मुंबईतच एक बोलकं उदाहरण आहे. कुलाब्याला नौदलाचा आयएनएस शिक्रा हा हवाई तळ आहे. तिथल्या सी किंगच्या ३३० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नाव ‘हार्पून्स’, म्हणजे देवमाशावर फेकायचा भाला. या हेलिकॉप्टरांचं मूळ काम पाणबुड्या शोधून मारण्याचं. आणि चेतक हेलिकॉप्टरांच्या ३२१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला, जिची स्थापना १९६९ची, म्हणतात ‘एंजल्स’, देवदूत. चेतकच्या जुन्या कामांपैकी एक म्हणजे जहाजाच्या जवळ घिरट्या घालत समुद्रात पडलेल्याला उचलणं. एकाच तळावर दोन नावं: एकाचं तोंड पाणबुडीकडे, दुसऱ्याचं बुडणाऱ्याकडे.  पण खरी गोष्ट पुढे आहे. १७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ ही २६१ माणसांची तराफा-बोट बुडाली, तेव्हा नौदलाच्या जहाजांसोबत चेतकही गेली आणि सी किंगही गेली. त्या एका बोटीवरच्या १८०हून अधिक जणांना पाण्यातून जिवंत काढलं. लाटांवर तरंगणाऱ्याला वर येणारं यंत्र भाल्याचं की देवदूताचं, याच्याशी काय देणंघेणं? काही नाही. पण ते यंत्र दोर सोडेल, आणि वर ओढून घेणारा माणूस आपलाच असेल, एवढं त्याला दिसावं लागतं.

आणि वाचक नुसता वाचत नाही, उत्तरही देतो. केरळच्या त्याच पुरात कमांडर विजय वर्मा यांनी कोचीच्या परिसरातल्या एका घराच्या गच्चीवरून दोन महिलांना हेलिकॉप्टरनं सोडवलं. काही दिवसांनी त्या गच्चीवर पांढऱ्या रंगात, वरून वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत एक इंग्रजी शब्द रंगवलेला दिसला: ‘थँक्स’. हे चित्र काढायला कुणी निविदा काढली नव्हती. आभाळातून जाणाऱ्या वैमानिकाखेरीज त्याचा दुसरा वाचक नव्हता. आता आपल्याकडे या. ऑगस्ट २०१९, सांगली-कोल्हापूरचा महापूर. त्या वर्षी १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि रक्षाबंधन एकाच दिवशी आले. पुरातून बाहेर काढलेल्या बायकांनी जवानांच्या मनगटावर राख्या बांधल्या. केरळनं गच्ची रंगवली, आपण मनगटावर धागा बांधला. दोन्ही खुणा बिनसरकारी, दोन्ही खुणा सुटलेल्यांनी सोडवणाऱ्यांना केलेल्या. हेलिकॉप्टरवरच्या चित्राकडे मी या साखळीतली पहिली कडी म्हणून पाहतो: आम्ही माणसं आहोत, असं वरून कुणीतरी म्हणतं, आणि खालून उत्तर येतं.

सांगली-कोल्हापूरच्या याच पुरात कॅमेऱ्याकडे पाहणारी खूणही महाराष्ट्रानं पाहिली. मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांच्या छायाचित्रांचे स्टिकर चिकटलेले दिसले, आणि राज्यभर संताप उसळला. का उसळला? तांदूळ तर खरेच होते. स्टिकरनं वजन कमी झालं नव्हतं. पण पाकीट उघडणाऱ्याला कळलं की या चित्राचं तोंड आपल्याकडे नाही. ते पुढच्या निवडणुकीकडे आहे. राखी आणि स्टिकर यांत फरक रंगाचा नव्हता. फरक दिशेचा होता, आणि सांगली-कोल्हापूरच्या माणसांनी तो एका नजरेत ओळखला.

तिसरा मुद्दा थोडक्यात. ही खूण इतकी चांगली असेल, तर तिला अधिकृत का करू नये? अनेकदा तसं होतंही. पहिल्या महायुद्धातल्या फ्रांचेस्को बाराक्का या इटालियन वैमानिकाच्या विमानावर उधळलेला घोडा होता. १९२३मध्ये त्याच्या आईनं तो एन्झो फेरारीला सुचवला, पुढे फेरारीनं तो घेतला, आणि आज तो मोटारीवर बसतो. ब्रिटिश हवाई दलाच्या २२ क्रमांकाच्या स्क्वाड्रननं १९५५पासून समुद्रावरच्या बचावाचं काम केलं. तिच्या मानचिन्हात गणितातला ‘पाय’ (π) आहे, कारण पहिल्या महायुद्धातली २२ आणि ७ क्रमांकांच्या स्क्वाड्रनची सांगड. २२ भागिले ७, आपल्या शाळेतलं उत्तर! मूळचा जवानांचा विनोद राजमान्य झाला. भारतीय हवाई दलाचं ‘सारंग’ पथक पाहा. ध्रुव हेलिकॉप्टरांवर मोर रंगवलेला, २००४मध्ये सिंगापूरला पहिलं जाहीर प्रदर्शन. तो मोर अधिकृत आहे, डौलासाठी काढलेला आहे. पण २०१३मध्ये उत्तराखंडात आणि २०१८मध्ये केरळात याच पथकानं बचावाचंही काम केलं. अधिकृत होण्यात वाईट काही नाही. मात्र एक किंमत मोजावी लागते. मंजुरीसाठी गेलेलं चित्र वाटेत अनेक टेबलांवर थांबतं, आणि प्रत्येक टेबल त्याचं तोंड थोडंसं साहेबाकडे वळवतं. म्हणून काही खुणा मान्यतेविना राहू देण्यात शहाणपण आहे. दुर्लक्ष हीसुद्धा प्रशासनाची एक कला आहे, आणि ती सोपी नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो शंभर टक्के खरा आहे. हेलिकॉप्टरच्या अंगावर कुठेही रंग लावून चालत नाही. पंख्याच्या पात्यांचा तोल ग्रॅमच्या हिशेबात साधलेला असतो. तिथे नक्षी म्हणजे कंप. पत्र्यावरच्या भेगा नजरेनं तपासतात. तिथे जाड रंग म्हणजे डोळ्यांवर पट्टी. आणि उंची व वेग मोजण्यासाठी बाहेरच्या हवेचा दाब घेणारी बारीक छिद्रं असतात, त्यांवर तर कागदाचा कपटाही नको. २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरूमध्ये एक प्रवासी विमान समुद्रात कोसळलं, ७० माणसं गेली. कारण? सफाईच्या वेळी त्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली. इतकी छोटी चूक, इतका मोठा हिशेब. तेव्हा जागा कुठली आणि रंग कुठला, हे देखभाल अधिकाऱ्यानंच ठरवावं. पण या आक्षेपातून बंदी निघत नाही, जागा निघते. दाराच्या आतली बाजू, आसनाची पाठ, हेल्मेट, बाही. खूण लहान झाली म्हणून तिचा अर्थ लहान होत नाही.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. आज चित्र चाललं, उद्या गणवेश, परवा आदेश. एकदा सैल सोडलं की थांबायचं कुठे? मला वाटतं, हा आक्षेप शिस्त कशी टिकते हेच विसरतो. बचावकार्यात जिवावरची कामं असतात. २५ जून २०१३ रोजी केदारनाथच्या बचावात गौरीकुंडजवळ हवाई दलाचं एमआय-१७ कोसळलं आणि आतली सर्वच्या सर्व २० माणसं गेली. त्यांत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवानही होते. याच दलाची एक बटालियन शेजारच्या मावळ तालुक्यात, सुदुंबऱ्याला आहे, म्हणजे ही माणसं आपल्यापासून फार दूरची नव्हेत. २ सप्टेंबर २०२४ला पोरबंदरजवळ तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर एका जहाजावरच्या जखमी माणसाला आणायला जाताना समुद्रात पडलं. अशा कामाला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो, तो केवळ आदेशाच्या कागदावर? कागद त्याला हँगरपर्यंत नेईल. दारातून बाहेर दोराला लटकण्यासाठी सोबत्यांबद्दलची निष्ठा लागते, आणि निष्ठेला स्वतःची म्हणून काही खूण लागते. जिथे आदेश पोहोचत नाही तिथे शिस्त धरून ठेवणारी ही गोष्ट आहे; तिला शिस्तीची शत्रू मानणं हा हिशेबातला घोटाळा आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड. चित्र कुणाला दुखावणारं निघालं तर? पाश्चात्त्य विमानांवर दुसऱ्या महायुद्धापासून अर्धनग्न स्त्रिया काढायची चाल होती. २००७मध्ये ब्रिटिश हवाई दलात अशी चित्रं उतरवायला लावली गेली. योग्यच केलं. त्याच दलात आता स्त्रियाही उडतात; उडणारी कुणाची तरी बहीण असते असल्या भावूक कारणासाठी नव्हे, तर ती सहकारी आहे म्हणून हे योग्य. धर्माच्या खुणांचं काय? फेब्रुवारी २०२३मध्ये बंगळूरच्या एअरो इंडिया प्रदर्शनात हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं एका प्रस्तावित प्रशिक्षण विमानाची प्रतिकृती ठेवली. तिच्या शेपटीवर मारुती होता. वाद झाला आणि दुसऱ्याच दिवशी तो उतरवला गेला. आता मारुती म्हणजे आपल्या मनातला आद्य बचावकर्ता. औषधी ओळखू येईना तर अख्खा डोंगर उचलून आणणारा. गावाच्या वेशीवर तो असतो तो राखणदार म्हणूनच. मग बचाव हेलिकॉप्टरवर मारुती काढायला काय हरकत? माझं उत्तर कुणाला आवडणार नाही, तरी देतो. हँगरच्या कोपऱ्यात, वैमानिकाच्या खिशात, खंडेनवमीच्या पूजेत मारुती जरूर असावा. ती श्रद्धा ज्याची त्याची. पण यंत्राच्या बाहेरच्या अंगावर, दोराखालच्या माणसाच्या डोळ्यांसमोर, अशी कुठलीही खूण नको जी पाहून त्याला क्षणभरही वाटेल की हे यंत्र माझ्यासाठी आलेलं नाही. फिनलंडच्या हवाई दलानं १९१८पासून शुभचिन्ह म्हणून निळा स्वस्तिक वापरला, हिटलरशी त्याचा तेव्हा संबंधही नव्हता. तरी १९४५मध्ये तो विमानांवरून उतरवावा लागला. काढणाऱ्याचा हेतू शुद्ध असून भागत नाही. चित्राचा अर्थ शेवटी पाहणाऱ्याच्या हातात असतो. आणि इथे पाहणारा तर चिखलात गळ्यापर्यंत रुतलेला आहे; त्याला समजावून सांगायला वेळ कुठे आहे?

शेवटचा आक्षेप अगदी साधा: यानं एक तरी जीव जास्त वाचतो का? प्रामाणिक उत्तर असं, की चित्रानं हेलिकॉप्टर उडत नाही. जुलै २०२३मध्ये रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा हेलिकॉप्टरं सज्ज होती, पण हवामानानं उडू दिली नाहीत. माणसं पायी डोंगर चढून गेली. ताम्हिणीचा पाऊस पाहिलेल्या तुम्हा मुळशीकरांना हे सांगायला नको. चित्र हे इंजिनाला, प्रशिक्षणाला, सुट्या भागांना पर्याय नाही; आणि कुणी रंगाच्या डब्यावर खूश होऊन देखभालीच्या खर्चात कपात करू लागला तर त्याला तिथेच अडवलं पाहिजे. पण जे मोजता येत नाही ते काहीच करत नाही, हा निष्कर्षही घाईचा आहे. ज्या तुकडीत माणसं यंत्राला नाव देतात, तिथं तेलाचा थेंब गळताना दिसला तर तो आपल्या घरचा गळतोय असं वाटतं. त्याची आकडेवारी माझ्याकडे नाही. पण अख्खं लष्कर, जगातलं कुठलंही, आपला पथकाभिमान याच समजावर उभा करतं. तो समज चुकीचा असेल तर मग नुसतं चित्रच पुसून भागणार नाही, मानचिन्हं आणि ध्वजही गुंडाळावे लागतील.

तर मग करायचं काय? मी तीन कसोट्या सुचवतो. यंत्राला इजा करील अशा जागी खूण नको. दोराखालच्या कुठल्याही माणसाला परकं करील अशी खूण नको. आणि वरून आदेश देऊन काढवून घेतलेली खूण तर नकोच नको, कारण मग ती सही राहत नाही, शिक्का होतो. या तिन्हीतून जे पार पडेल त्याकडे वरिष्ठांनी खुशाल काणाडोळा करावा.

तुम्ही म्हणाल, हेलिकॉप्टर आमच्या हातात कुठे आहे? नाही, पण रुग्णवाहिका आहे. पाण्याचा टँकर आहे. दरडीच्या वेळी धावणाऱ्या पोरांची जॅकेटं आहेत. उद्योगांच्या पैशानं या भागात अशी वाहनं येतात, आणि त्यांच्या तिन्ही बाजूंना ‘सौजन्य’ लिहिलेलं असतं, कधी फोटोसकट. रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्याला त्या फोटोचा काय उपयोग? पुढच्या वेळी गावात असं वाहन येईल तेव्हा त्याचं नाव काय ठेवायचं आणि दारावर काय काढायचं हे चालकाला, त्याच्यासोबतच्या परिचारिकेला आणि ते दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला ठरवू द्या. बघा, ते वाहन कसं ठेवतात. देणगीदाराचे आभार मानायला पावती आहे, आणि त्याचं नाव तिथं शोभतं.